गतिरोधक आणि डुलकी

"ठक्!" झालं आणि बाणसाहेबांची नुकतीच लागलेली डुलकी उडाली. आठवडाभर नगर नियोजन खात्यात राबणाऱ्या या गृहस्थांना रविवारची दुपारची झोप जिवापेक्षा प्यारी आणि गाड्या आपटायचा तो मेला गतिरोधक नेमका त्यांच्या खिडकीखाली.

"मग काढून टाका ना तो! खातं तुमचंच आहे," बायको म्हणाली.

"असं कसं? शहर ही एक अखंड यंत्रणा असते. एकीकडे ओढलं की दुसरीकडे ताणतं. आधी सगळे परिणाम मांडायला हवेत."

त्यांनी भिंतभर कागद लावला, चौकोन काढले आणि लाकडी पट्टीने बाण आखून ते एकमेकांना जोडले. प्रत्येक कामाचे ते असे बाण काढत, म्हणून तर कचेरीने त्यांचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं. बाणांनी होकार दिला आणि गतिरोधक गेला.

लगेच गाड्या सुसाट सुटल्या. रस्ता ओलांडता येईना म्हणून लोकांनी आरडाओरडा केला. बाणसाहेबांनी सिग्नल बसवला, तर थांबलेल्या गाड्या खिडकीखाली भोंगे वाजवू लागल्या. त्यांनी बस मागच्या गल्लीतून वळवली, ती तिथे अडकली. बस काढायला क्रेन आली, क्रेन बघायला गर्दी आली आणि गर्दी आवरायला शिट्टी घेऊन पोलीस आला. या गल्लीवर झोपायच्या खोलीची दुसरी खिडकी उघडत होती.

"यंत्रणा स्थिरावायला वेळ लागतो," कानावर उशी दाबून बाणसाहेब म्हणाले.

"काय?" शिट्टीच्या वर आवाज चढवत बायको ओरडली.

शेवटी इरेला पेटून त्यांनी अख्खी वाहतूक बाहेरच्या वळणरस्त्यावर नेली आणि घरासमोरच्या रस्त्याची बाग करून टाकली. रविवार उजाडला. दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं. बाणसाहेब धन्य होऊन आडवे झाले, तोच आई पायथ्याशी येऊन बसली.

"झोपलास का रे?"

"हो."

"मला मेली झोपच येत नाही. इतकी वर्षं ती ठकठक ऐकत झोपले. आता कसं भकास वाटतं. जागाच आहेस तर बोल जरा."

आणि तिने आपल्या लग्नातल्या मानपानापासून सुरुवात केली.

"तुमच्या कागदावर सासूबाईंचा चौकोन कुठाय हो?" बायकोने दारातूनच विचारलं.

तो नव्हता. गतिरोधक परत बसवायची सोयही उरली नव्हती. बागेत गाडीच येणार नाही, तर आपटणार कोण?

पुढच्या रविवारी दुपारी आईच्या दाराबाहेर स्टूल टाकून बाणसाहेब बसले होते. हातात बाण आखायची लाकडी पट्टी. डोळे मिटत होते, तरी स्टुलावर नेमाने पट्टी मारत होते. ठक्. ठक्.

आतून आईचा पेंगुळलेला आवाज आला, "मघापासून नुसत्या मोटारीच चालल्यात रे. मधे एखादा ट्रक जाऊ दे."