बाणाच्या दिशेला इतिहास

राजधानीत इतिहास नेहमी बाणाच्या दिशेला असतो, हे वारसा खात्याचं मूलभूत तत्त्व आहे. (बाण म्हणजे पाटीवरचा. धनुष्याचे बाण संग्रहालयात असतात आणि संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद असतं.) त्यानुसार किल्ल्याच्या दारात 'राणीमहाल' अशी पाटी लागली. खात्याचे साहेब तेव्हा फोटोसाठी किल्ल्याकडे पाठ करून उभे होते. "बाण उजवीकडे," असं त्यांनी तिथूनच फर्मावलं. त्यामुळे महाल राहिला डावीकडे आणि जनता निघाली किल्ल्यातल्या पाण्याच्या पंपवाल्याच्या सरकारी खोल्यांकडे.

पंपवाल्याची बायको मोरीत भांडी घासत होती.

"मेल्यांनो, माझं घर आहे हे!" ती ओरडली.

"दासीचं काम काय झकास करतेय बाई!" लोक म्हणाले आणि टाळ्या वाजवून पुढे गेले. खात्याच्या पाहणीत चौऱ्याण्णव टक्के पर्यटक भारावले. उरलेल्यांना राणीचं स्वयंपाकघर जरा अडचणीचं वाटलं.

इथवर पंपवाला हसत होता. पण मग नोटीस आली: प्राचीन वास्तूत गॅसची शेगडी ठेवून अतिक्रमण केल्याबद्दल घर खाली करा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. (ज्याच्या पंपावर अख्खा किल्ला पाणी पितो, त्याच्या!) तसाच तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, घर खात्यानंच दिलंय. बाण तेवढा चुकलाय. पोरीची परीक्षा तोंडावर आहे हो, कुठं जाऊ आता?"

"बाण बदलायला समिती लागते," साहेब मायेनं म्हणाले. "तुम्हाला हलवायला एक टेम्पो पुरतो."

साहेब काही दगडाच्या काळजाचे नव्हते. डावीकडची एक जुनाट इमारत ओस पडली होती, ती त्यांनी पंपवाल्याला राहायला दिली. म्हणजे खरा राणीमहाल. "एवढं झाडायचं कुणी?" म्हणत बायकोनं पदर खोचला आणि कपड्यांची दोरी बांधायला भिंतीवरच्या कोरीव कमळात खिळा ठोकला. खात्यानं हरकत घेतली नाही. बाण तिकडे नव्हता.

तुम्हीही त्या नोटिशीच्या आधी तिथं जाऊन आलात. राणीच्या स्नानगृहाच्या दाराला टेकून, डोळे मिटून काढलेला तुमचा फोटो दिवाणखान्यात लावलाय ना? ते संडासाचं दार होतं. पंपवाला आत होता आणि "अहो, सरका की जरा!" म्हणून कळवळून सांगत होता. तुम्ही मात्र घरी येऊन शेजाऱ्यांना सांगितलंत, तिथल्या भिंती अजून बोलतात म्हणून.