चौथ्या चाकाचा कट

ही बघा, भाकरी हातात घेऊन शपथेवर सांगते. आत्ता तंदूरमधून काढलीय, बोटं भाजतायत तरी सोडत नाही. यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर हीच भाकरी मला लागो!

आमच्या कारा-बाल्ता गावात तुर्दाकुन नावाचा गुप्तहेर राहतो. गुप्तहेर हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. त्याआधी तो बस डेपोत तिकिटं तपासायचा. पण त्यालाच विचारा. "नजर म्हणजे ससाण्याची," तो सांगेल, "बुद्धी म्हणजे वस्तरा. आणि नाक? नाकाबद्दल मी बोलत नाही, लोकच बोलतात." बोलतात खरे. केवढं मोठं आहे ते! त्याच्या नावावर सुटलेलं एक प्रकरणही आहे, शेजाऱ्यांच्या हरवलेल्या मेंढीचं. हा डोंगरात तिच्या मागावर होता तेव्हा ती अंगणात येऊन त्याच्याच कोबीचा फडशा पाडत होती. "माझ्या धाकानं परतली," असं तो म्हणतो.

ह्या ससाण्याची मदतनीस म्हणजे त्याची बायको बुरुल. गाडी तीच चालवायची, फोन तीच घ्यायची, आणि साहेब जिथे जिथे नाक खुपसून यायचे तिथे नंतर जाऊन माफीही तीच मागायची.

त्या शुक्रवारी मात्र बुरुलचा जीव टांगणीला लागला होता. लेक जिपार घाटापलीकडे तलासला दिलेली, तिला पहिलं बाळ झालेलं. पाळणा आजोळहून जायचा. तोही साधासुधा नाही, जिपार स्वतः त्यातच वाढलेली. उद्या दुपारी तिकडे मोठं जेवण आणि बाळाला पाळण्यात घालायचं. आणि नेमका कालच तू-आशूच्या घाटात बर्फ पडला. आता नाक्यावर उन्हाळी टायर दिसले की गाडी परत.

"त्यात काय, बर्फाचे टायर घालू," असं म्हणून बुरुलनं डॅशबोर्डचा खण उघडला, आणि चावी नाही!

गाडीची नव्हे हो, चाकाची. गाडीचा आधीचा मालक चोरांना फार भ्यायचा. त्यानं प्रत्येक चाकाला एकेक कुलूप-नट बसवून घेतलेला. बाकीचे नट कुठल्याही पान्यानं निघतात, पण ह्याचं डोकं फुलासारखं कातरलेलं. त्याच्यावर त्याचीच चावी बसते, अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. तो गेला म्हणजे चारी चाकं जागच्या जागी.

"अस्सं," तुर्दाकुन टोपी सारखी करत म्हणाला. "चोरानं गाडी ठेवली आणि चावी नेली. चोर बुद्धिमान आहे."

"किंवा त्याला गाडी चालवता येत नसेल," बुरुल म्हणाली. "आधी घरात बघू या का?"

घरात त्यानं एकेक वस्तू उचलून कानाशी खुळखुळवली. चहाचा डबा, बूट, पिठाची बरणी. पीठ कानात गेलं. मग दिवाणखान्यात आला. तिथे नव्या दुलईत बांधून ठेवलेला पाळणा. त्यानं हात घातला मात्र, बुरुल किंचाळली, "अहो! रिकामा पाळणा हलवताय? बाळाच्या जिवावर उठलात का?"

ससाण्याचा हात जागीच थिजला. एवढं त्यालाही कळत होतं. पाळण्याला टोपी काढून सलाम केला आणि चवड्यांवर बाहेर पडला.

बुरुल गाडी घेऊन टायरवाल्या गेन्नादीकडे गेली. गेन्नादीनं जरा लहान मापाची गोटी, म्हणजे पान्याचं पोकळ तोंड, घेतली, नटावर हातोड्यानं ठोकून बसवली, लांब पाना लावला आणि सगळं वजन टाकलं. कर्रर्र! पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसराही रडतखडत निघाला. चौथ्या नटाभोवतीचं सुटं कडं तेवढं गरगर फिरायला लागलं, नट जागचा हलेना.

"ताई, ह्याच्यावर आता दांडा वेल्ड करावा लागेल," गेन्नादी घाम पुसत म्हणाला. "आणि वेल्डर गेलाय मेव्हण्याच्या लग्नाला. आता सोमवारी."

"सोमवारी पाळणा नेऊन काय त्यात मीच झोपू?"

तेवढ्यात तुर्दाकुन उगवला. "थांबा! हा हातोडा पुरावा आहे. गेन्नादी, चावी हरवली की कमाई कुणाची? तुझी!"

"दादा, माझ्याकडे बाहेर आठ गाड्या उभ्या आहेत. मला चोरायला वेळ कुठाय?"

"हं. हाही एक कबुलीजबाबच."

इतक्यात फोन वाजला. तलासहून विहीणबाई! "बुरुल, घाटात बर्फ आहे म्हणे. नसेल जमत तर उगाच जिवाला त्रास नको. मी बाजारात एक प्लास्टिकचा पाळणा बघून ठेवलाय. गाणीसुद्धा वाजवतो."

बुरुलनं फोन कानापासून दूर धरून ते नवऱ्याला सांगितलं. माझ्या जिपारचं बाळ, आणि प्लास्टिकमध्ये?

तुर्दाकुननं मात्र चुटकी वाजवली. "सापडला कट! विहीणबाईंनीच माणूस पाठवून चावी पळवली. म्हणूनच पाळणा आधीच बघून ठेवलाय!"

"अहो, हळू बोला. फोन चालू आहे."

फोन चालूच होता. त्यानंतर विहीणबाई जे बोलल्या ते मी भाकरी हातात असताना सांगू शकत नाही.

गाडी तिथेच टाकून बुरुल नवऱ्याबरोबर घरी आली ती रडवेली होऊन. ओट्यापाशी सासूबाई, म्हणजे अपा, चहा पीत होत्या.

"काय गं, तोंड का असं? आणि हा सकाळपासून मला विचारतोय, काल घरात कोण आलं, कोण गेलं. का रे म्हटलं, तर म्हणे गुप्त आहे."

"अपा, चाकाच्या नटाची चावी हरवली. एवढासा लोखंडाचा तुकडा, टोकाला फुलासारखा."

अपांनी कप खाली ठेवला. डोळे लकाकले. "सुयुंचू! आधी सुयुंचू दे, मग सांगते!"

आनंदाची बातमी आणणाऱ्याला आधी बक्षीस द्यावंच लागतं, त्यातून आमच्याकडे कुणाची सुटका नाही. "मागाल ते देते, अपा!"

"मलाही तलासला ने. पुढच्या सीटवर." मग म्हणाल्या, "पाळण्यात उशीखाली आहे. बाळाला नजर लागू नये म्हणून लोखंड नको का ठेवायला? चाकू ठेवणार होते, तर तू कांदे चिरत बसलेलीस. गाडीत हे सापडलं. म्हटलं, फूलही आहे, लोखंडही आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?" तुर्दाकुन ओरडला.

"तू काय हरवलं ते सांगितलंस का?"

गेन्नादीनं चावी लावली आणि चौथा नट लोण्यासारखा सुटला. त्यानं बर्फाचे टायर चढवून चारी चाकांना साधे नट बसवले. चावीचं आता काहीच काम उरलं नाही, तशी अपांनी ती धुऊन पुन्हा उशीखाली ठेवली.

पहाटे निघाले. पुढे बुरुल आणि अपा. मागे तुर्दाकुन, मांडीवर पाळणा. घाटाची वळणं केवढी, आणि पाळणा तर जराही हलू द्यायचा नाही! डोंगर उतरेपर्यंत तो त्याला मिठी मारून श्वास रोखून बसला होता. तलासला बाळाला त्यात ठेवलं आणि जिपारनं आईच्या गळ्यात हात टाकले. विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं बुरुलच्या पुढ्यात मटणाचा मोठा तुकडा ठेवला. तुर्दाकुनला हाड दिलं.

तेव्हा तुर्दाकुन बुरुलच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

बरं बाई, भाकरी खाली ठेवते. चटके बसतायत. ते शेवटचं "चुकलं माझं" मी पदरचं घातलं. तो म्हणाला होता, "बघितलंस? संशय मला पाळण्याचाच होता."