मागे घेतलेली शाबासकी

गटप्रमुखाने पिवळ्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिथेच सगळे फिसकटले.

थाप तशी मनापासूनची होती. त्या अवाढव्य कंपनीचा ऑर्डरींचा प्रोग्राम सकाळपासून पिसाळला होता. चप्पल मागवणाऱ्याच्या दारात फ्रीज जात होता आणि फ्रीज मागवणाऱ्याला डाव्या पायाची चप्पल. निळ्या कार्डाचे कायम इंजिनिअर काचेच्या खोलीत बसून या संकटाला नाव काय द्यावे यावर चर्चा करत होते. तेवढ्यात पिवळ्या कार्डाच्या तात्पुरत्या इंजिनिअरने, म्हणजे आपल्या पिवळ्याने, जिन्याखालच्या आपल्या खुर्चीत बसून प्रोग्राम ताळ्यावर आणलासुद्धा.

“शाब्बास!” गटप्रमुख ओरडला. “तू तर आमचाच माणूस!”

पिवळ्याला आभाळ ठेंगणे झाले. बायकोचे दिवस भरत आले होते आणि तिने बजावून ठेवले होते, “बाळ यायच्या आत कायम हो. कराराची मुदत संपत आली की तुझं तोंड उतरतं. तसल्या तोंडाचा बाप मला पोराला दाखवायचा नाही.”

पण नेमक्या त्याच वेळी कंपनीच्या कायदेवाल्या बाई जिना उतरत होत्या. हातातली कॉफी त्यांच्या पदरावर सांडली नाही एवढेच.

“काय म्हणालात? आमचा? अहो, तो ठेकेदाराचा माणूस! आपण नुसतं काम करून घेतो. उद्या कोर्टात उभा राहून म्हणेल, यांनी माझी पाठ थोपटली, म्हणजे मी यांचाच. शाबासकी परत घ्या!”

“बरं, घेतली.”

“अशी नाही. चारचौघांत दिलीत, चारचौघांत परत घ्या.”

दुसऱ्या दिवशी सभा भरली. निळ्या कार्डांना खुर्च्या होत्या. पिवळ्याला भिंत होती. गटप्रमुखाने घसा खाकरला. “काल मी जे बोललो ते मागे घेतो. याचं काम आपलं... ठीक होतं.”

“ठीक ही पण स्तुतीच,” बाई म्हणाल्या.

“मग वाईट होतं!”

“अहो, वाईट म्हणायचाही आपल्याला हक्क नाही. रागावायचं ते त्याच्या मालकानं.”

मालकाला, म्हणजे ठेकेदाराला, फोन लावला. तीन वर्षांत त्याने पिवळ्याचे तोंड पाहिले नव्हते. पण कंपनीच्या कायदेवाल्या बाई लाइनवर आहेत आणि मागून कुणीतरी ‘वाईट’ म्हणतेय, एवढे ऐकूनच त्याची बोबडी वळली.

“तुम्ही काळजीच करू नका मॅडम! काढला त्याला! उद्या दुसरा पाठवतो, याच्यापेक्षा चांगला!”

“अहो, पण आम्ही...” गटप्रमुख म्हणाला, तोवर फोन बंद. पिवळा पाणी प्यायला बाहेर गेला, तर परतीचे दार त्याच्या कार्डाला ओळखच देईना. डबा आत राहिला, माणूस बाहेर.

दुसरा माणूस आला. हुशार होता. त्याने पिवळ्याचा प्रोग्राम उघडला, वाचला, बंद केला आणि आजारी पडला. पुढच्याच आठवड्यात प्रोग्राम पुन्हा पिसाळला. एका आजोबांनी कवळीचा डबा मागवला होता. त्यांच्या अंगणात क्रेन उतरली.

“बोलवा त्याला!” गटप्रमुख केस उपटत म्हणाला.

“कार्ड नाही, करार नाही,” बाई म्हणाल्या. “फार तर पाहुणा म्हणून येईल.”

आणि काय सांगू! पाहुण्यासाठी मोठे दार उघडले. गाडी आली, गादीची खुर्ची आली, गरम कॉफी आली. जन्मात पहिल्यांदा त्या इमारतीत कुणीतरी पिवळ्याला “बसा ना” म्हणाले. फक्त एक अडचण होती. पाहुण्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. मग पिवळा कॉफीचे घुटके घेत सांगू लागला आणि गटप्रमुख घाम पुसत टाइप करू लागला.

“आता खाली या. अजून. हां, ते खोडा.”

“हे? अरे, हे तर मीच लिहिलं होतं!”

“म्हणूनच खोडा.”

प्रोग्राम शुद्धीवर आला. तेवढ्यात सगळ्यांत वरच्या मजल्यावरचे मोठे साहेब स्वतः खाली उतरले.

“कोण हे? कुठल्या कंपनीत असता?”

“सध्या कुठंच नाही.”

“काय सांगता! अहो, असा माणूस आपल्याकडे पाहिजे. घ्या यांना!”

पिवळा खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या डोळ्यांपुढे निळे कार्ड, बायको आणि पाळणा एकाच वेळी तरळले.

“घेऊ की साहेब,” बाई गोड हसल्या. “कायम भरती बंद आहे, पण तात्पुरतं घेता येईल. त्याच ठेकेदाराकडून.”

“छान! मार्ग निघतोच,” असे म्हणत साहेब लिफ्टमध्ये शिरले. पिवळ्याने कप खाली ठेवला. “घरी विचारून सांगतो,” म्हणाला आणि निघाला.

घरी बायको पोटावर हात ठेवून दारातच उभी होती. “काय म्हणाले? कायम?”

“तात्पुरतं.”

ती खाली बसली. मग ती म्हणाली, “आणि तू त्यांचं सगळं दुरुस्त करून दिलंस. शहाणाच आहेस!”

“सगळं नाही.” पिवळ्याने बूट काढले. “शेवटची एक ओळ सांगायची राहिली होती. मी सांगणारच होतो गं. पण ते तात्पुरतं म्हणाले, मग मीही तात्पुरतंच दुरुस्त केलं.”

फोन वाजला. पिवळ्याने हात पुढे केला, पण बायकोने आधी उचलला.

“हो, आहेत ना घरी,” ती म्हणाली. “क्रेन? आणखी तीन? अरे बापरे! नाही, आत्ता नाही देत त्यांच्याकडे. आधी त्या कायदेवाल्या बाईंना बोलवा. कायमचं काय ते माझ्याशी बोलू दे.”