मराठा थॉन

गणपाअण्णा चपला हातात घेऊन पळायचा. लग्नाला पळत, रेशनला पळत, आमच्या तंबाखूच्या वखारीत कामावरही पळतच. बरं, उशीर झालाय म्हणावं तर वखार उघडायच्या आधी अर्धा तास स्वारी दारात हजर! मोटारीनं ये म्हटलं की उत्तर ठरलेलं, "गाडीचा भरवसा न्हाय रं." पन्नाशीला टेकलेला माणूस पायजमा दुमडून निपाणीच्या बाजारातून पळतोय आणि मागं कुत्री लागलीत, हे बघून आम्ही पोट धरून हसायचो.

तो का पळतो हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून हसायचो, असले आम्ही नग! अण्णाला वाढवलं थोरल्या बहिणीनं, विड्या वळून. तिच्या छातीचं दुखणं हाताबाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या. बेळगावात टिळकवाडीच्या पलीकडं अशा माणसांना शेवटपर्यंत सांभाळणारं एक घर होतं. खाटा सहा, सगळ्या भरलेल्या. तिथं जागा होणं म्हणजे कुणीतरी जाणं. अण्णा दर आठवड्याला विचारायला जायचा. असाच एकदा नन्नाचा पाढा ऐकून परतताना गाडी वाटेत बंद पडली. घरी पोचला तोवर आक्का गेली होती. एकटीच.

तेव्हापासून अण्णाला एकच ध्यास, त्या घरात सातवी खाट टाकायची.

कुठल्याशा पेपरात त्यानं वाचलं, परदेशात लोक बेचाळीस किलोमीटर पळून देणग्या जमवतात. "पळायला तर मला येतंयच की!" कोल्हापूर ते निपाणी ठरलं. अंतर थोडं कमी भरत होतं, ते ष्टँडाला फेऱ्या मारून पुरं करायचं. वखारीत किलोमीटरमागं वर्गणी लागली. मी आठ आणे लावले, तेही सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या पुढच्या किलोमीटरांना. म्हटलं, हा गडी नाका ओलांडतोय कशाला! नावही झालं आणि खिशाला तोशीस नाही.

पेंटरनं घोळ घातला. 'मॅरेथॉन' हा शब्द त्यानं बापजन्मी ऐकलेला नव्हता. अण्णाच्या बनियनवर छातीभर लिहून दिलं, 'मराठा थॉन'.

मी पाण्याची बाटली घेऊन सायकलवरून मागं. कागलला माणसं जमली. सीमाप्रश्न तापलेला तेव्हा. मराठा म्हटल्यावर आणि काय पाहिजे? हार पडला, घोषणा झाल्या, पन्नासेक माणसं नाक्यापर्यंत संगं पळत आली. नाक्यावर पोलिसांनी काठी आडवी धरली. मोर्चाची परवानगी कुठाय?

"मोर्चा न्हवं सायेब," अण्णा धापा टाकत म्हणाला. "मरायला टेकलेल्या मान्सास्नी खाट घ्यायचीया."

घोषणा तिथंच थांबल्या. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" म्हणत त्यांचा पुढारी पुढं आला आणि अण्णाच्या गळ्यातला हार काढून घेऊन गेला. संध्याकाळच्या सभेला लागत होता म्हणे. पाच मिनिटांत रस्ता मोकळा. असली आमची माणसं! आणि मी तरी काय वेगळा?

वरून निरोप येईपर्यंत पोलिसांनी तासभर बसवून ठेवलं. उठला तेव्हा पायात गोळे आलेले. "अण्णा, मोटारीत बस, कोण बघतंय?" मी म्हटलं. माझ्या डोक्यात माझे आठ आणे होते, खोटं कशाला बोलू? त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लंगडत, मधेच ओकत, पुन्हा पळत तिन्हीसांजेला तो ष्टँडावर पोचला आणि उरलेल्या फेऱ्याही मारल्या. टाळ्या वाजवायला चहावाला तेवढा होता. अण्णाच्या अंगठ्यांची नखं काळीनिळी झालेली. मला माझीच लाज वाटली. सगळ्या किलोमीटरांचे पैसे दिले मी.

खाट आली. पोचवायला मीही गेलो. त्याच सकाळी कुणीतरी एका कानडी म्हातारीला त्या घराच्या दारात सोडून, पत्ताही न देता निघून गेलं होतं. तिला नव्या खाटेवर निजवलं. अण्णा पायथ्याशी उभा. म्हातारीनं डोळे किलकिले केले, त्याच्याकडं टक लावून बघितलं आणि कानडीत दटावलं, "याक तडा माडिदी, तम्मा?" का रे उशीर केलास, भावा?

अण्णा मटकन खाली बसला. तिचे पाय त्यानं दोन्ही हातांनी धरले.

"चुकलं आक्का," तो म्हणाला. "लई पळालो गं. पर उशीर झालाच."