देवतळे मास्तरांची भिंत

देवतळे मास्तर भिंतीला कान लावून उभे असले, की त्यांच्या जवळून चपला वाजवत जायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घाबरून मी घाईने गेलो, आणि नेमक्या वाजल्याच.

"कोन भिंत हालवून राह्यलं गा?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

महालातली ती शाळा म्हणजे दगडी जोतं, सागवानी तुळया आणि वर बघताना डोक्यावरची टोपी पडावी अशा उंच कमानी. पूर्वी तिथे हत्तीखाना होता, असं चित्रकलेचे हे मास्तर सांगत. "हत्तीनं हालली नाही, अन् या पोरायच्या कवायतीनं हालून राह्यली." संशय सगळ्यांवर: ढोलावर, कबुतरांवर, मराठीच्या धिप्पाड बाईंवरसुद्धा. "बाई, जिन्यावर जरा हळू या जी," असं म्हणाले, तेव्हापासून बाईंनी बोलणंच टाकलं.

माझ्यावर जास्तच. सातवीत शाळा सुटलेला मी, तिशीत कोकणातून इतक्या लांब येऊन इथे शिपाई झालो. हेडमास्तरांनी नोकरी दिली, राहायला खोली दिली. ते उपकार मानत मी दबकूनच वावरायचो, आणि मास्तरांना तेच खटकायचं.

"शाळेच्या कमिटीले हे पाडून इथं दुकानं काढाची हायेत. तू कमिटीचा मानूस होय काय?"

"नाही हो, मास्तर."

"मंग इतका गोड काहून बोलून राह्यला?"

त्यांच्या वर्गात कमानीखाली तडा होता. त्यावर मास्तरांनी चुन्यात काचेची पट्टी आडवी बसवली होती. भिंत सरकली तर काच तडकणार. काच शाबूत होती, म्हणून इमारत पाडा म्हणणाऱ्या कमिटीचं काही चालत नव्हतं. रोज सकाळी मास्तर आधी काच बघत, मग मला.

एका सकाळी काच तडकलेली निघाली. पोरं अजून यायची होती.

"मी हात लावला नाही," मी आधीच सांगून टाकलं. मग हळूच म्हणालो, "मास्तर, कोणी पाहिलेलं नाही. दुसरी पट्टी लावून टाकू?"

मास्तर तड्यावरून बोट फिरवत राहिले.

"इथं पोरं बसतेत गा," ते म्हणाले, आणि स्वतःच हेडमास्तरांना सांगायला गेले.

वर्ग रिकामा करायचं ठरलं. मी एकेक बाक ओसरीत नेत होतो. शाळा सुटली तेव्हा शेवटचा राहिला होता. त्यावर मास्तर बसले होते, तळहात भिंतीला टेकवून.

"मास्तर, इथे बसू नका. घरी चला."

"घरी कोन हाये? तू जाय. मी बसतो हिच्यापाशी."

मी गेलो नाही. थोड्या वेळाने मास्तर बाकावर जरा सरकले.