कळवण्यास आनंद होतो की...

रोझलिन आर्सेनोने शाळेचं पहिलं बातमीपत्र दप्तरांतून घरोघर पाठवलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या सख्ख्या आईने पदरी असलेल्या नातवाचं, रोझलिनच्या भाच्याचं, नाव शाळेतून काढायची तयारी सुरू केली.

"मम्मा, अगं हे काय?" टेबलावर भलत्याच शाळेचा अर्ज पाहून रोझलिन ओरडली.

"काही नाही, तुझंच पत्र वाचलं," गम्बोच्या रश्श्यासाठी भेंड्या चिरत ओडील शांतपणे म्हणाली. "'कळवण्यास आनंद होतो' म्हणे! शाळेला आनंद झाला ना? संपलं मग. मागच्या दोन्ही वेळा असाच आनंद झाला होता त्यांना."

ओडीलचं काही चुकत नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्या त्या वस्तीत चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर खाजगी संस्थांनी चालवलेल्या शाळा, भाडेकरूंसारख्या येत-जात. इमारत तीच, फळे तेच, गळका नळही तोच. चालवणारी संस्था मात्र बदलायची. आधी 'नवी पहाट' होती, तेव्हा गणवेश हिरवा. मग 'नवी झेप' आली, गणवेश किरमिजी. आता 'नवी दिशा' होती आणि पोरं निळी झाली होती. प्रत्येक वेळी शाळा गुंडाळण्याआधी एक गुळगुळीत, रंगीत कागद घरी यायचा आणि त्याची सुरुवात 'कळवण्यास आनंद होतो' अशी असायची. दुधाने तोंड पोळलेली ही माणसं आता ताक फुंकत नव्हती, थेट गोठाच बदलत होती.

रोझलिन याच वस्तीत वाढलेली आणि आता याच शाळेत पालकसंपर्काचं काम बघणारी. हे सगळं तिच्याही डोळ्यांदेखत झालेलं. पण बॅटन रूजच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आल्यापासून तिच्या डोक्यात वेगळंच वारं शिरलं होतं. पालकांचा विश्वास जिंकायचा तर दर शुक्रवारी त्यांना शाळेची चांगली बातमी द्या, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. आणि विश्वासाची गरज तर गळ्याशी आली होती. पुढच्या वर्षासाठी महिनाअखेरपर्यंत पुरेशी नावं आली नाहीत तर शाळा बंद करायची, असं संस्थेच्या मंडळाने बजावलं होतं. हे फक्त रोझलिनला आणि मुख्याध्यापक व्हिटलॉक यांना ठाऊक होतं.

"पालकांना खरं सांगू या का, सर?" तिने एकदा विचारलं होतं.

"छे छे! झाकली मूठ सव्वा लाखाची," ओहायोहून आलेले व्हिटलॉक घाम पुसत म्हणाले होते. बाहेर थंडी होती, तरी त्यांना घाम येत असे.

सोमवारी शाळेच्या फाटकापाशी पालकांचे घोळके दिसायला लागले. कुणी म्हणे शाळेची इमारत विकली, कुणी म्हणे या वेळी गणवेश पिवळा. कोपऱ्यावरच्या गणवेशवाल्या दुकानदाराने हे ऐकलं आणि शहाणपणा करून निळे शर्ट अर्ध्या किमतीला काढले. मग तर ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली. दुकानदाराला आतली खबर असल्याशिवाय तो कशाला माल फुंकील?

रोझलिनने त्या शुक्रवारी लगेच दुसरं बातमीपत्र काढलं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका. शाळा बंद होणार नाही.' खाली व्हिटलॉक यांचा हसरा फोटो छापला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्यांच्या कानावर अफवा गेलीच नव्हती, त्यांच्याही घरी शाळेने ती स्वतःच्या खर्चाने पोचवली.

"बघ बघ, कसा हसतोय," ओडीलने फोटोवर चमचा आपटला. "आधीचाही असाच दात काढत गेला. तेव्हा कागद तरी जाड होता."

"मम्मा, मी सांगतेय ना तुला! मी तुझी मुलगी आहे."

"तू मुलगी आहेस गं, पण पगार कुणाचा खातेस? एक सांग. डोळ्यांत बघून सांग. शाळा राहणार ना?"

रोझलिनने डोळे चमच्याकडे वळवले. ओडीलने अर्जावर सही ठोकली. त्या सहीचा आवाज रोझलिनला आठवडाभर ऐकू येत राहिला. आपल्या आईशी आपण खोटं बोललो, तेही धड बोलता आलं नाही, याची तिला लाज वाटत होती.

पुढचा शुक्रवार उजाडला तो डोकेदुखी घेऊन. व्हिटलॉक यांनी तिसऱ्या बातमीपत्रासाठी चिठ्ठी पाठवली होती: 'आणखी आनंदाचं लिहा.' रोझलिनचं डोकंच फिरलं. बातमीपत्र कसंबसं उरकून तिने टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या नावे एक पत्र खरडलं.

'सर, आनंदाचं काय लिहू? दुसऱ्या मजल्यावरचं हीटर बंद आहे, पोरं हातमोजे घालून गणितं करतात. सोमवारचा राजमा पुन्हा करपला. संगीताचे सर सोडून गेले, म्हणून बँड कवायतीच्या सरांकडे आहे आणि एकच चाल वाजवतो, तीही उलटी. कार्निव्हलच्या केकमध्ये लपवलेलं प्लास्टिकचं बाळ तुमच्या तुकड्यात निघालं, म्हणजे इथल्या रिवाजाने पुढचा केक तुमचा. पण तुम्ही ते बाळ कारखान्याची चूक समजून कचऱ्यात टाकलंत, आणि सगळे शिक्षक अजून केकची वाट बघताहेत. तुम्ही रोज दुपारी गाडीत बसून रडता असा मला संशय आहे. आणि महिनाअखेर नावं आली नाहीत तर मंडळ शाळा खरंच बंद करील, हे पालकांना सांगायची आपली दोघांचीही छाती नाही. माझ्या आईलासुद्धा मी सांगू शकले नाही. रोझलिन.'

एक प्रत आपल्याकडे असावी म्हणून तिने कागद झेरॉक्सच्या मशीनवर ठेवला. तेवढ्यात पहिलीतल्या एका पोराने नाकात मणी घातल्याची वर्दी आली आणि ती धावली. जाता जाता कार्यालयातल्या मिस वेल्माला ओरडून म्हणाली, "बातमीपत्र तेवढं दप्तरांत घाल गं!"

मिस वेल्माला दोन शुक्रवारांची सवय. बातमीपत्र म्हणजे मशीनच्या काचेवर असतं ते. रंगीत शाई संपली होती, म्हणून तिने काळ्या-पांढऱ्यात काढलं. वाचलं नाही; वाचायला तिला पगार नव्हता.

मणी निघाला. रोझलिन परतली तेव्हा शेवटची बस फाटकाबाहेर पडत होती आणि मशीनच्या काचेवर तिचं पत्र तिच्याकडे टकामका बघत होतं.

"वेल्मा... तू हे वाटलंस?"

"सगळ्यांना," वेल्मा अभिमानाने म्हणाली. "एकही पोर सुटलं नाही."

शनिवार-रविवार रोझलिनने फोन बंद ठेवला. सोमवारी सकाळी ती राजीनामा पर्समध्ये घालून निघाली. फाटकापाशी ही गर्दी! ती मान खाली घालून आत शिरणार, तोच कुणीतरी तिचा दंड धरला. ओडील होती. दुसऱ्या हातात झाकण बांधलेलं भलंमोठं पातेलं.

"राजमा," ओडील म्हणाली. "करपवलेला नाही. तुमच्या आचाऱ्याला म्हणावं, आच मंद ठेव आणि फोनवर गप्पा मारू नकोस."

"मम्मा, तू चिडली नाहीस?"

"चिडले की! दोन दिवस चिडून बसले होते. तुझा फोन लागला असता तर ऐकवलंही असतं." मग ओडीलचा आवाज जरा उतरला. "पण बयो, या शाळेत आजवर कुणी आधी सांगितलंच नव्हतं गं. दर वेळी शर्ट विकत घेतल्यावर कळायचं." तिने पर्समधून दुसऱ्या शाळेचा अर्ज काढला, टराटरा फाडला आणि तुकडे रोझलिनच्या हातात दिले. "कचऱ्यात टाक. तुमच्याकडे केकमधलं बाळ जातं ना, तिथे."

प्लंबर असलेले एक आजोबा हत्यारं घेऊन हीटर बघायला वर गेले. ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका काकाने बँडचा ताबा घेतला. कार्यालयासमोर नाव नोंदवायला रांग लागली. आणि दुपारी व्हिटलॉक गाडीत जाऊन बसतात न बसतात तोच काचेवर टकटक झाली. बाहेर तीन आज्या वाडगे घेऊन उभ्या होत्या.

"मी रडत नव्हतो," तोंडात घास असताना ते रोझलिनला म्हणाले. "बायकोला फोन करतो. ती ओहायोत आहे."

"मग?"

"मग रडतो."

त्यांनी संध्याकाळी जांभळा-हिरवा-सोनेरी केक स्वतः आणला, मुकाट्याने कापला आणि पहिला तुकडा मिस वेल्माला दिला. महिनाअखेर मंडळाला हवी होती त्याहून जास्त नावं झाली. रोझलिनच्या पर्समधला राजीनामा तिथेच चुरगळून गेला.

मग पुन्हा शुक्रवार आला. रोझलिन कोरा कागद पुढे घेऊन बसली. हीटर गरम होतं, राजमा मऊसूत होता, बँड चाल सुलट वाजवत होता. तिने पेन चावलं. शेजारी व्हिटलॉक येऊन उभे राहिले. इतक्यात फोन वाजला.

"काय गं, या आठवड्यात काय बिघडलं?" ओडील विचारत होती. "फाटकापाशी सगळ्या वाट बघतायत."

"काही नाही, मम्मा. सगळं छान चाललंय."

मग ओडील हळूच कुणाला तरी म्हणालेली ऐकू आली, "सगळं छान आहे म्हणते." आणि पलीकडून तीन-चार बायकांचा एकदम "अगंबाई!" असा आवाज आला.

रोझलिनने घाबरून व्हिटलॉक यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. क्षणभर विचार करून त्यांनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा उचलला आणि खुंटीवरून गाडीची किल्ली घेतली.

"तुम्ही लिहायला घ्या," ते म्हणाले. "मी आलोच."