चाळणीमागची बोटं

बाळ झोपलं की आईनेही डोळा लावावा, हे साधं शहाणपण. पण सुनेने त्या दुपारी मोबाईल उचलला आणि पिठाच्या चाळणीचा फोटो काढला. घडलं ते इतकंच, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मोबाईलमधल्या एका अ‍ॅपात रंग फिरवले की चाळणीचा चंद्र व्हायचा, किसणीची उंच इमारत व्हायची, आणि करपलेल्या तव्याचं तर असं काही आभाळ व्हायचं की तो घासायला मन होईना. (तवा न घासण्याला इतकं सुंदर कारण त्या घरात आधी कुणालाच सुचलं नव्हतं.)

वस्तू खिडकीच्या उजेडात धरायला मात्र माणूस लागे. ते काम सासूबाईंचं.

"जरा वर धरा ना, आई."

"हात गळून आला माझा. कधी उगवायचा तुझा चंद्र?"

"तुमचाही एक काढू?"

"माझं थोबाड नको. भांडी बरी, ती कसं दिसतो म्हणून विचारत नाहीत."

पुढचा दात पडल्यापासून सासूबाईंना फोटोचं वावडं होतं. त्यामुळे फोटोत यायची ती फक्त त्यांची बोटं. सून जात्याच काळजीखोर. लावलेली कडी पुन्हा पुन्हा बघणारी. चंद्राच्या कडेला ती बोटं तिला खुपत. अ‍ॅपमध्ये नको ते चोळलं की नाहीसं होई. तिने एकेक बोट चोळून काढलं. शिवाय बाळाच्या फोटोंना जागा हवी म्हणून मूळचे फोटोही उडवून टाकले.

आणि एक दिवस सासूबाई गेल्या. सकाळी चहा घेतला, दुपारी छातीत कळ आली, संध्याकाळी घरात माणसं मावेनात.

सासरे नुसते भिंतीकडे बघत बसत. एकदा म्हणाले, "सूनबाई, तिचा एक फोटो दे. रोज तर काढत होतात दोघी."

तिने मोबाईल उघडला. चाळणी अधांतरी. किसणी अधांतरी. झारा अधांतरी. धरणारं कुणी नाही.

"वा," नवरा म्हणाला, "आईचा हात न लागता चाललेलं घर." बोलून गेला खरा, पण मग उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

सुनेला रडू फुटलं. बाळाने लगेच साथ दिली.

"अगं, एकीने तरी थांबा," सासरे म्हणाले. "आधी गप्प कुणाला करू?"

डोळे पुसत ती मोबाईलमधले फोटो खाली खाली सरकवत राहिली. एका जागी पातेलं सापडलं. ते काही केल्या सुंदर होईना, म्हणून तसंच राहिलेलं. त्याच्या चकचकीत पोटात सासूबाई होत्या. चेहरा भोपळ्याएवढा, तोंड उघडं, पडलेल्या दाताची फट स्पष्ट.

सासऱ्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "काय म्हणत होती गं?"

"दूध बघ, म्हणत होत्या."

"मग?"

"उतू गेलं."

सासरे हसले. हसता हसता त्यांनी मोबाईलची काच बाहीने पुसली.

"बाबा, अ‍ॅपमध्ये चेहरा सरळ करता येतो. आणि बाजूचं—"

"बोट लावू नकोस."

म्हणून फोटो होता तसाच मोठा करून भिंतीवर लागला. भेटायला आलेली सासऱ्यांची मावसबहीण त्यापुढे उभी राहून बराच वेळ डोळे टिपत होती.

"वहिनींचं एक वेळ वय तरी झालं होतं," ती म्हणाली. "पण ही शेजारी काठीसारखी लांबलचक, हातात मोबाईल घेतलेली... ही बिचारी कधी गेली?"

सून तिच्या पाठीशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.